दोघांच्या घरातला नाताळ

नाताळ हा मुलांचा सण आहे, हे विधान आज इतके सर्वमान्य झाले आहे की अपत्य नसलेल्या जोडप्याच्या घरी तो कसा साजरा होतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आणि कोणी विचारलाच, तर त्या विचारण्यात कीव आधीच मिसळलेली असते. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यामुळे अनेक घरांवर विनाकारण उणेपणा लादला जातो. ज्या सामग्रीतून मराठी ख्रिस्ती समाजाचा नाताळ घडला ती पाहिली, तर हा सण दाराशी येणाऱ्याच्या स्वागताचा आणि दाराबाहेर जाणाऱ्या ताटाचा असल्याचे दिसते, आणि तो पूर्णपणे पार पाडायला घरात दोन माणसे पुरतात.

ख्रिस्ती मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा श्रद्धावंतांचा समुदाय, सुरुवातीच्या शतकांत ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण प्रमुख मानत असे; 25 डिसेंबरला जन्मोत्सव पाळल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधली असून ती इ. स. 336 सालाशी जोडलेली आहे. पुढे 1223 मध्ये असिसीच्या फ्रान्सिसने ग्रेच्चो या गावी जन्माचा गोठा उभा केला, तोही साऱ्या गावासाठी होता. आईवडील, सजवलेले झाड आणि भेटींची वाट पाहणारी मुले हे आज ओळखीचे झालेले चित्र मुख्यतः एकोणिसाव्या शतकातले आहे. 1848 मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी व्हिक्टोरिया, तिचा पती आणि मुले झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापले आणि मध्यमवर्गीय घरांनी ते आदर्श म्हणून उचलले. नंतर बाजारपेठेने त्याला बळ दिले. ज्या चित्राला जेमतेम पावणेदोनशे वर्षे झाली आहेत, त्याच्या चौकटीत न बसणारे घर अपुरे ठरवायला धर्माचा आधार नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

मराठी मुलखातली गोष्ट तर याहून वेगळी आहे आणि ती पुरेशी ध्यानात घेतली गेलेली नाही. 1813 मध्ये मुंबईत काम सुरू करून 1831 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पोहोचलेले अमेरिकन मराठी मिशन बोस्टनच्या ज्या परंपरेतून आले, त्या प्युरिटन परंपरेला नाताळचे फारसे प्रेम नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 या काळात नाताळ पाळणे दंडनीय होते आणि तिथे त्या दिवसाला कायदेशीर सुट्टी मिळाली ती 1856 मध्ये. तेव्हा नगर भागातल्या ख्रिस्ती घरांना नाताळचा बराचसा घरगुती साज आपल्याच अंगणातून उभा करावा लागला असणार, असे अनुमान काढणे वावगे ठरणार नाही. दाराबाहेरची कागदी चांदणी आकाशकंदिलाच्या जातकुळीची, करंज्या-शंकरपाळ्या दिवाळीच्या फराळातल्या, आणि गाणी टाळ-ढोलकी-पेटीच्या साथीची. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले, ते याच मातीत रुजले. गोवा आणि वसईकडे वळण पोर्तुगीज काळापासूनचे असल्यामुळे पदार्थ निराळे आहेत, पण तिथेही कुसवार, म्हणजे नाताळसाठी केलेल्या गोड पदार्थांचा संच, शेजारीपाजारी वाटण्यासाठीच केला जातो.

बालाघाटाच्या रांगेत, जुन्या किल्ल्याच्या आणि सीताफळांच्या धारूरसारख्या गावात या रीतीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. बीड जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या अत्यल्प आहे. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या बेथेलसारखी ख्रिस्ती वस्ती या बाजूला परंपरेने नाही. शाळेतल्या किंवा दवाखान्यातल्या नोकरीनिमित्त अशा गावी राहणाऱ्या ख्रिस्ती दाम्पत्याला नाताळ घरातच उभा करावा लागतो, आणि अपत्य नसेल तर तो सर्वस्वी दोघांच्या हातांनी. अशा घरातली करंजी जवळून पाहिली तर सणाची घडण कळते: एकाने रवा-मैद्याचा घट्ट भिजवलेला गोळा मळून पातळ पाऱ्या लाटायच्या, दुसऱ्याने भाजलेले खोबरे, खसखस, पिठीसाखर आणि वेलदोड्याचे सारण चमच्याने भरून कडा दुधाच्या बोटाने चिकटवायच्या आणि कातण्याने कापून ओल्या फडक्याखाली झाकायच्या, कारण पारी वाळली की तळताना करंजी फुटते आणि सारण तेलात उतरते. एकट्या माणसाला हे काम जड जाते आणि दोघांना ते नेमके जमते. सारण किती घ्यायचे याचा हिशेब मात्र घरात खाणाऱ्या तोंडांवरून होत नाही. दिवाळीला कोणाकोणाकडून फराळ आला, ईदला शीरखुर्मा कोणी पाठवला, घरमालक, दूधवाला, शाळेतले सहकारी असे किती जण, यावर तो ठरतो, आणि आलेले ताट रिकामे परत करायचे नाही हा नियम तर साऱ्या गावाचाच असतो.

या भागातला डिसेंबर आणखी एका कारणाने वेगळा आहे. उसाच्या गळीत हंगामासाठी जिल्ह्यातले लक्षावधी मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे गेलेले असतात, आणि त्या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी हे मोजणीचे एकक असते. त्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीच्या नावावर पडते. जोडप्याची किंमत त्याच्या श्रमावर ठरवणारी ही व्यवस्था कठोर आहे, आणि तिच्यामुळे या महिन्यात कितीतरी घरांत म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली नातवंडे एवढीच राहतात. अशा गल्लीत एखाद्या घरावर चांदणी लागली आणि तिथून ताटे निघाली, तर ती ज्यांच्या हातात पडतात त्यांत आईबापांपासून दूर असलेली मुलेही असू शकतात. त्या घरात स्वतःचे मूल आहे की नाही, याने ताटाच्या मोलात काहीही फरक पडत नाही.

या युक्तिवादाला खरी अडचण येते ती शास्त्रपाठातूनच, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नाताळापूर्वीच्या आगमनकाळात, म्हणजे सुमारे चार आठवड्यांच्या तयारीच्या काळात, जखऱ्या आणि अलीशिबा या वृद्ध, निपुत्रिक दाम्पत्याची कथा वाचली जाते. कॅथलिक उपासनाक्रमात ती 19 डिसेंबरला येते. त्यांना उतारवयात योहान हा पुत्र होतो, आणि लोकांमधली आपली अप्रतिष्ठा देवाने दूर केली असे अलीशिबा मानते. वर्षानुवर्षे उपचार घेऊन थकलेल्या बाईला दर डिसेंबरला ही कथा ऐकावी लागते, आणि तिच्यावरचे प्रवचन बहुधा ‘विश्वास ठेवा, तुमचीही ओंजळ भरेल’ या अंगानेच जाते. हा अर्थ अपुरा आहे असे ठामपणे म्हटले पाहिजे, कारण त्याच कथेच्या आरंभी शुभवर्तमानकार लूक त्या दोघांना, मूल होण्यापूर्वीच, देवाच्या दृष्टीने नीतिमान म्हणतो. अप्रतिष्ठा लोकांनी दिलेली होती. पुढे बाळ येशूला ओळखणारे आणि स्वीकारणारे कोण, हेही पाहण्यासारखे आहे: रानातले मेंढपाळ, पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ताऱ्यांचा अभ्यास करणारे ज्ञानी, मंदिरात त्याला हातांवर घेणारा शिमोन, आणि लग्नानंतर सातच वर्षांनी वैधव्य आलेली वृद्ध हन्ना. यांतल्या एकाचेही त्या बाळाशी रक्ताचे नाते सांगितलेले नाही. तंबू तयार करण्याचा धंदा करणारे अक्विला आणि प्रिस्किल्ला हे दाम्पत्य तर पौलाच्या पत्रांत मुलाबाळांच्या उल्लेखाशिवायच येते, आणि त्यांच्या घरी मंडळी जमत असे एवढीच त्यांच्या घराची ओळख दिली जाते.

मराठी समाजात निपुत्रिक स्त्रीला ओटीभरण, डोहाळजेवण, बारसे अशा प्रसंगी मागे ठेवण्याची रीत दीर्घकाळ चालत आली; धर्मांतरित घरांतून हे विधी पुष्कळ अंशी गळाले, तरी त्यामागची नजर तितक्या सहज गेली नाही. कायद्यानेही अशा जोडप्यांची अडवणूक केली: 1956 चा दत्तकविषयक कायदा हिंदूंपुरता, आणि त्याच्या अर्थाने बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता असल्यामुळे ख्रिस्ती जोडप्याला 1890 च्या पालकत्व कायद्याखाली केवळ पालक होता येत असे, आणि ते नातेही मूल सज्ञान होताच कायद्यापुरते संपत असे. बाल न्याय कायदा 2000 मध्ये आला, 2006 मध्ये त्यात सुधारणा झाली, आणि त्यातून धर्मनिरपेक्ष दत्तकाची वाट मोकळी झाली. म्हणजे आज साठी-सत्तरीत असलेल्या कित्येक ख्रिस्ती दाम्पत्यांना उमेदीच्या वयात ती वाट उपलब्धच नव्हती. मूल नसणे हे काहींनी स्वीकारलेले असते आणि काहींवर आलेले असते. पहिल्यांना स्पष्टीकरण मागणे आणि दुसऱ्यांना आशा दाखवत राहणे, दोन्ही सारखेच क्लेशकारक आहे.

अपत्यहीन घर समाजासाठी काय होऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रात ख्रिस्ती वर्तुळाबाहेरचे, तरीही मिशनच्या शाळांशी जोडलेले आहे. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांना मूल नव्हते. 1863 मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढून विधवांच्या प्रसूतीची सोय केली आणि 1874 मध्ये एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. अर्थात प्रत्येक निपुत्रिक जोडप्याने असेच काही भव्य केले पाहिजे, अशी अपेक्षा ठेवणे हाही एक जुलूमच होईल. दोघांनी शांतपणे प्रार्थना करून, चार घरी फराळ देऊन सण पाळला, तर तो पुरेसा आहे.

बदल व्हायला हवा तो मंडळीच्या वागण्यात. संडे स्कूलचे नाटक, मुलांच्या स्पर्धा आणि भेटवस्तू यांनी कार्यक्रमपत्रिका भरलेली असते, आणि मूल नसलेल्यांच्या वाट्याला प्रेक्षकाची खुर्ची किंवा वर्गणीची पावती येते. नाताळापूर्वी रात्री घरोघर गात जाणारी कॅरल फेरी बहुधा मुलेबाळे असलेल्या मोठ्या घरी थांबते आणि चहा-फराळही तिथेच होतो. त्याऐवजी फेरीचा शेवटचा मुक्काम दोघांच्या घरी ठेवावा, नाटकाची तालीम त्यांच्या दिवाणखान्यात व्हावी, आगमनकाळातली एक घरगुती प्रार्थनासभा त्यांनी चालवावी, आणि पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, नाताळच्या भेटीला आले की त्या घरासाठी कोणती प्रार्थना करायची हे त्यांनी आधी त्या दोघांना विचारावे.