'हे खरे का?' : काव्याची भाषा आणि शास्त्राची भाषा

केंब्रिजचे टीकाकार आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२४ साली 'प्रिन्सिपल्स ऑफ लिटररी क्रिटिसिझम' या ग्रंथात भाषेचे दोन उपयोग मानले. शास्त्रज्ञ वस्तुस्थिती सांगतो; त्याचे विधान खरे की खोटे, हे तपासता येते. कवी शब्द वापरतो तो मनात भाव व वृत्ती जागविण्यासाठी; तेथे खरेखोटेपणाचा प्रश्नच गैरलागू, असे रिचर्ड्स म्हणतात.

वाचकहो, आता यहोशवाच्या पुस्तकाचा दहावा अध्याय काढा. सूर्य गिबोनावर थांबला आणि चंद्र अयालोनच्या खोऱ्यात. (रामले-लोदकडच्या मंडळींना हे खोरे काही परके नाही!) याच वचनावर गॅलिलिओला १६१५ साली एका लांबलचक पत्रात खुलासा करावा लागला. रिचर्ड्स म्हणतील, वाद फुकट गेला. हे काव्य आहे, खगोलशास्त्र नव्हे.

हे आम्हाला निम्मेच पटते. हे वचन 'याशार' नावाच्या ग्रंथात लिहिलेले आहे, असे शास्त्रलेखक स्वतःच सांगतो, म्हणजे जुने गीत त्याने उद्धृत केले. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. असा दिवस आधी झाला नाही व नंतरही नाही, हे तो साध्या गद्यात नोंदवतो. गाणाऱ्यांच्या अंगावर रोमांच उठले ते घडले असे मानले म्हणूनच. विश्वास काढून घेतला तर भाव कशावर उभा राहणार?

म्हणून नातवाने "सबा, हे खरे का?" असे विचारले, तर "अरे, ती नुसती कविता" म्हणून त्याची बोळवण करणे आम्हाला रुचत नाही. त्याला आधी ते गीत ऐकवावे, मग ते गद्य वाक्य.