हट्टी दाणा

गेल्या रविवारी सौभाग्यवतीने वाटाण्याचे सूप माझ्यापुढे सरकवले आणि ‘एवढे निवडा’ म्हणून फर्मावले. दर मुठीत दोनचार दाणे भोक पडलेले!

“कीडच लागणार नाही असा वाटाणा शास्त्रज्ञांना करता येत नाही का हो?” तिने विचारले.

“येतो. ऑस्ट्रेलियात त्यांनी तो केला. आणि सोडूनही दिला.”

तिचा हात थांबला. मग मला सारी हकीकत सांगावी लागली.

राजम्यात एक प्रथिन असते. ते पोटात गेले की भुंग्याच्या अळीला पिष्ट पचत नाही. ती उपाशी मरते. त्या प्रथिनाचे जनुक शास्त्रज्ञांनी वाटाण्यात घातले. असे जनुक पोचवायला ते बहुधा मातीतल्या एका जिवाणूची मदत घेतात. स्वतःची जनुके वनस्पतीच्या पेशीत घुसवण्याची विद्या त्याला उपजतच अवगत आहे. पण कडधान्ये मोठी हट्टी. जनुक थोड्याच पेशी स्वीकारतात. ज्या स्वीकारतात त्यांना कोंब फुटत नाही. कोंब फुटला तर मुळे धरत नाहीत. मग तो कोंब दुसऱ्या रोपाच्या बुंध्यावर कलम करायचा! एवढे करून वाटाणा तयार झाला, भुंगा हरला. आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उंदरांना त्याचे वावडे दिसले. राजम्यातल्या त्याच प्रथिनाचे रूप वाटाण्यात किंचित पालटले होते. मुलगी सासरी गेली की तिचे वळण थोडे बदलते, तसेच. शास्त्रज्ञांनी काम थांबवले.

पुढे 2013 साली दुसऱ्यांनी तपासले, तर उंदीर साध्या वाटाण्यालाही आणि राजम्यालाही तसेच कुरकुरले!

“म्हणजे थांबवले ते चुकलेच की!” सौभाग्यवती म्हणाली.

मला तसे वाटत नाही. माणसाचा निर्णय त्या घडीच्या उजेडातच जोखावा. मात्र थांबण्यालाही किंमत असते, हे तिचे म्हणणे मला नाकारता येईना. शेंगा पोखरणाऱ्या अळीला दाद न देणारी चवळी नायजेरियाने 2019 साली लागवडीसाठी मान्य केली. तिथल्या गरिबाच्या ताटात चवळीला मोठे स्थान. त्याला ‘अजून थोडे थांब’ म्हणणे आपल्याला सोपे आहे. आपले सूप भरलेले आहे.

मला वेगळीच काळजी वाटते. आता पेशीला कोंब फोडायला मदत करणारी जनुकेही सोबत पाठवून पाहतात. उद्या दाण्याचा हट्ट मोडेल. जे वर्षानुवर्षे झगडून मिळते, ते माणूस दहादा पारखतो; सहज हाती आलेले कोण पारखणार? आजवर अवघडपणाच आपल्यावर थोडी पहारेदारी करीत होता. तो गेला की पहारा आपल्यालाच द्यावा लागेल. हात कुशल होतील तसा विवेकही जागा राहिला पाहिजे. नाहीतर कौशल्य नुसतेच घाईचे दुसरे नाव ठरेल.

“झाले का निवडून?” सौभाग्यवतीने विचारले.

सुपाकडे पाहिले. बोलण्याच्या भरात मी किडके दाणे चांगल्यांत टाकीत होतो!

निमूटपणे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.