पहिली सुई कुणाला?

माझी पहिली सुई ज्या आजींच्या हातात गेली, त्यांचं नाव मला आठवत नाही. चूक मात्र लख्ख आठवते. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. सरकारी रुग्णालयाचा वॉर्ड, सलाईन लावायचं होतं. पहिल्यांदा शीर निसटली, दुसऱ्यांदा फुटली आणि हातावर निळी गाठ आली. मी रडकुंडीला आले, तर आजीच म्हणाल्या, "टोच बाई परत. केल्याशिवाय तुला तरी कसं येणार?"

बरीच वर्षं मी ही आजींच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून सांगायचे. आता स्वतः शिकवायला लागल्यावर वेगळाच प्रश्न छळतो. आजींना 'नको' म्हणता आलं असतं का? पैसे भरून स्पेशल रूममध्ये राहिलेल्या बाईच्या हातावर मला कुणी शिकू दिलं असतं का? शिकलेलं कौशल्य पुढे सगळ्यांच्याच कामी येतं. शिकतानाच्या चुका मात्र बहुतेकदा गरिबांच्या अंगावर उमटतात.

म्हणून स्किल लॅब मला सोयीची कमी आणि न्यायाची गोष्ट जास्त वाटते. माझ्या विद्यार्थिनी घरी मोबाईलवर व्हिडिओ बघून येतात, लॅबमध्ये प्लास्टिकच्या हातावर सराव करतात आणि मगच वॉर्डात जातात. काही गोष्टी तर जिवंत माणसावर शिकताच येत नाहीत. सीपीआरमध्ये मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबावी लागते. धडधाकट माणसावर हा सराव कोण करेल? १९६० च्या सुमारास नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने त्यासाठी 'रेसुसी ॲन' ही बाहुली बनवली. तिची छाती कितीही वेळा दाबा, तिची तक्रार नसते.

पण तिची उणीवही तीच. बाहुली सगळं माफ करते. सुई तिसऱ्यांदा चुकली की मुली खिदळतात. म्हणून माझा एक नियम आहे, प्लास्टिकच्या हाताशीही बोलायचं. "काकू, मी विद्यार्थिनी आहे. सुई लावतेय, थोडं टोचेल. लावू का?" मुलींना आधी याचंही हसू येतं. पण हाताला वळण लागतं तसं जिभेलाही लावावं लागतं.

परवा एकीने विचारलं, "मॅम, विद्यार्थिनी आहे म्हटल्यावर पेशंट नको म्हणाला तर?"

"तर सिस्टरना बोलवायचं."

"मग आम्ही शिकणार कधी?"

तिचं बरोबर होतं. लॅबमध्ये कितीही सराव केला, तरी पहिला जिवंत हात कधीतरी येणारच. त्याची शीर सरकणार, त्याला दुखणार. लॅबमुळे आपलं ऋण कमी होतं, फिटत नाही. मी म्हणाले, "ज्याला नको म्हणता येतं, त्याच्या 'हो'वर शिकायचं."

आजींचा तो 'हो' तसा होता का, हे मला आता कधीच कळणार नाही.