जमेल तेवढं, मनापासून

दिवाळी तोंडावर आली की घराघरांत कामाची झुंबड उडते. अशात आजीचा उजवा हात प्लास्टरमध्ये असला तर? सोऱ्या दाबता येत नाही, पीठ मळता येत नाही. जीव नुसता तळमळतो. पण डाव्या हाताने करंजीवर कातण फिरवता येतं. कड जरा वाकडी होते. होऊ द्या. जमेल तेवढं करावं, मनापासून करावं.

शेजारी नातू कंदिलाच्या कामट्या बांधतो. आजी दोऱ्याचं टोक धरते, गाठ तो मारतो. कागदाला खळ तो लावतो, सुरकुती ती काढते. कंदील दोघांचा होतो.

श्रोतेहो, सगळं मीच करीन, या हट्टात माया असते, तसा थोडा अहंकारही असतो. दुखणं तो हट्ट सोडायला लावतं. मदत करण्याइतकंच मदत घेणंही मोठ्या मनाचं काम आहे.

आपल्या घरात कुणी दुखण्यातून उठत असेल, तर त्यांना नुसतं 'तुम्ही आराम करा' म्हणू नका. बसल्या जागी करता येईल असं एखादं काम आवर्जून त्यांच्याकडे द्या. सणात त्यांनाही वाटा हवा असतो. जमेल तेवढा, पण मनापासून.