जशी आहे तशी

मालकी म्हणजे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी सोडून दिला आणि बँकांनी उचलला. आमच्याकडे उत्तर सोपे आहे. ज्याच्या नावावर कागद, त्याची वस्तू! गेली वीस वर्षे काउंटरपलीकडच्या मंडळींना मी हेच छातीठोकपणे सांगत आलो. पण नखाएवढी एक खाच या उत्तराला पुरून उरली.

आमच्या गडमुडशिंगीच्या मेहुण्यांनी लिलावात एक जर्मन गाडी घेतली. बारा वर्षांची, कर्ज थकल्यामुळे जप्त झालेली. पण ऐट अशी, की उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणाऱ्याला वाटावे, गाडी आपल्यालाच न्यायला आली आहे. लिलावाच्या अटीत एक सुंदर वाक्य असते : 'जशी आहे, जिथे आहे'. लग्नेही याच अटीवर होतात, फक्त तसे कुणी लिहून देत नाही.

गाडीत सारे काही होते, यूएसबीची खाच तेवढी दिसेना. आजच्या स्वस्त गाडीत ती डोळ्यांसमोर असते. त्या काळच्या श्रीमंत गाडीत तिला पडद्यात ठेवायची चाल होती. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत ती दोन सीटांमधल्या, हात टेकायच्या झाकणाखाली असे. ऑडीच्या काही गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यात कंपनीची स्वतःची वेगळीच खाच असे, आणि तिला वायरही वेगळी लागे. भाच्याने बॅटरी घेऊन सीटखाली लोळण घेतली. शेवटी खाच सापडली ती झाकणाखालीच. मेहुणे महिनाभर तिच्यावर कोपर टेकून गाडी हाकत होते. कळसा काखेत असतो म्हणतात, इथे कोपराखाली निघाला.

खाचेत एक पेन ड्राइव्ह खोचलेला होता. तो काढून फोन लावला, तर चार्जिंग मुंगीच्या पावलाने. बिचारीचा दोष नाही. ती मुळात गाण्यांसाठी. पाच व्होल्ट आणि अर्धा अँपिअर एवढाच तिचा शिधा. घाई असेल त्याने सिगारेट लायटरच्या बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये चार्जर लावावा. १९९६ साली ही खाच जगात आणणाऱ्यांत इंटेलचे अजय भट्ट प्रमुख. ते शिकले बडोद्याला, सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठात. दोन्ही बाजूंनी बसेल अशी केली तर खर्च वाढेल, म्हणून ती एकाच बाजूने बसते. काटकसर बघून माझ्यातला कारकून सुखावला.

भाच्याने पेन ड्राइव्ह परत खोचला (पहिल्या खेपेस उलटा, हे सांगायला नकोच) आणि पडद्यावर यूएसबी निवडले. गाडीत एका म्हातारीचा आवाज घुमला. जात्यावरच्या ओव्या! मध्येच थांबून ती म्हणाली, "संपलं बाळा. आता जेव."

मेहुणे म्हणाले, "दाजी, जशी हाय तशी घेतलीया. आतलं समदं आपलंच की."

मला बी. कॉम.ला पाठ केलेला १८७२ चा करार कायदा आठवला. कलम ७१ : सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती दुसऱ्याच्या ठेवीसारखी सांभाळावी. थोडक्यात, राखण करावी, मालक होऊ नये. पण पंचाईत अशी, की पेन ड्राइव्ह परत केला तरी आवाजाची नक्कल उतरवून ठेवता येते. कुणाचे काही जात नाही, ताळेबंद जुळतो. मग चुकते कुठे?

उत्तर सासूबाईंनी दिले. "आरं, तू गाडी इकत घेतलीयास, त्येची आई न्हाई."

मी गप्प झालो. कागदाने खाच आमची झाली तेव्हा ती कुठे आहे हेही आम्हाला ठाऊक नव्हते. आणि ज्याची गाडी गेली, त्याच्या हाताला ती अंधारातही लागत असणार. कागद बदलायला एक सही पुरते. हाताची सवय सहीने कशी बदलणार?

नक्कल न उतरवता मेहुणे कागदावरचा जुना पत्ता शोधत गेले. त्या माणसाने दारातल्या गाडीकडे पाहिलेही नाही. पेन ड्राइव्ह मुठीत घट्ट धरला आणि म्हणाला, "चहा घेऊन जा."

थकबाकीदाराकडे चहा घेऊ नये, असा आमच्या बँकेत संकेत आहे. मेहुणे बँकेत नाहीत. दोन कप घेऊन आले.