इमान : जमा आणि नावे

कुत्रा हा इमानी प्राणी आहे, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेच्या निबंधात लिहिलेलं आहे. माणूस कुत्र्याशी इमानी असतो का, हा प्रश्न पेपरात कधी आला नाही. आणि पेपरात न येणाऱ्या गोष्टीचा विचार करायचा नाही, हे तत्त्व मी बी.कॉम.पर्यंत निष्ठेने पाळलं. बँकेत लागल्यावर कळलं, की एकीकडे जमा पडलं की दुसरीकडे कुणाच्या तरी नावे पडतंच. मग कुत्र्याचं एवढं इमान आपल्याकडे जमा होतं, ते कुणाच्या नावे?

हा हिशेब हल्ली आमच्या कॉलनीच्या मैदानात पोरंपोरी मांडत असतात. आठवी-नववीपासून कॉलेजपर्यंतची ही मंडळी संध्याकाळी आपापली कुत्री आणून त्यांना 'बस', 'थांब', 'ये' शिकवतात. आमच्या लहानपणी कुत्र्याचं सगळं शिक्षण 'हाड' या एका शब्दात उरकत असे. बालवाडीपासून पदवीपर्यंत एकच पाठ्यपुस्तक!

माझी भाची यांची म्होरकी. तिचा मोती खाली बसला रे बसला, की ती त्याच्या तोंडात पोळीचा तुकडा देते. मी म्हटलं, "अगं, ही तर लाच झाली!"

"मामा, लाच कामाआधी देतात. हा पगार."

"मग महिनाअखेर दे की."

"त्याला महिनाअखेर कळत नाही. एक-दोन सेकंदांत मिळालं, तरच कशाबद्दल मिळालं ते कळतं."

मला मोतीचा हेवा वाटला. मागच्या वर्षीचं इन्क्रिमेंट मला कशाबद्दल मिळालं, ते अजून कळलेलं नाही.

रशियातल्या पाव्हलॉव्हला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनाच्या संशोधनासाठी. पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्याची कुत्री. खाण्याआधी ठरावीक खूण केली, की पुढे त्या खुणेनेच त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. यावरून लोक म्हणतात, बघा, प्राण्याचं कसं यंत्र बनवता येतं! पण खूण करत राहिलं आणि खाणं आणलंच नाही, तर ते पाणी आटतं, हेही त्यानेच दाखवलं. म्हणजे शब्द आधी माणसाने पाळायचा. कुत्र्याचं पाळणं त्यानंतरचं.

मैदानात हेच दिसतं. एका घरी आजोबा 'बैस' म्हणत, आई 'बस' म्हणे आणि वडील 'सिट'. बिचारा कुत्रा उभाच! शेवटी घरच्यांनी सभा भरवून एक शब्द एकमताने मंजूर केला. एरवी त्या घरात भाजीवरसुद्धा एकमत होत नाही. आठ वाजल्याशिवाय न उठणारा मुलगा आता सहाला साखळी घेऊन खाली दिसतो. स्वतःच्या परीक्षेची तारीख विसरतो; पण रेबीजच्या लशीची तारीख त्याने भिंतीवर लिहून ठेवली आहे. चॉकलेट, कांदा, द्राक्षं कुत्र्याला घातक, हे मला त्याच्याकडूनच समजलं. आता यात शिकवलं कुणी कुणाला?

इथवर सगळं गमतीचं. पण कुत्रा जगतो दहा-बारा वर्षं. पंधराव्या वर्षी पिल्लू आणलं, तर ते म्हातारं होईतो आपण पंचविशी ओलांडतो. मध्ये परगावची ॲडमिशन, नोकरी, लग्न आणि 'कुत्रे पाळण्यास मनाई' असलेला भाड्याचा फ्लॅट. आपल्या आयुष्याचा तो एक कप्पा. त्याचं मात्र आपण म्हणजे सगळं आयुष्य. ज्याला 'थांब' उत्तम शिकवलंय, त्याला दूरच्या रस्त्यावर उतरवून 'थांब' म्हटलं, तर तो थांबेल. दिवस मावळला तरी थांबेल. आपण शिकवलेलं आपल्यावरच्या विश्वासाने तो तिथे पाळत बसेल.

जनावराला असं उपाशीतापाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरला आणि पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला गेला १० ते ५० रुपये. एवढ्याने ज्याचं इमान जागं होईल, त्याच्या इमानाची किंमत तेवढीच धरायला हरकत नाही.

महाभारताचा भाव मात्र निराळा. स्वर्गाच्या दारात इंद्र म्हणाला, कुत्र्याला आत जागा नाही. युधिष्ठिर म्हणाला, मग मीही येत नाही. द्यूतात भाऊ आणि बायको पणाला लावणारा हाच तो धर्मराज! मधल्या काळात त्याचंही कुणीतरी ट्रेनिंग घेतलं असावं. त्या कुत्र्याने त्याचं काही मोठं काम केलं नव्हतं. तो नुसता सोबत चालत आला होता, आणि तेवढ्यावर युधिष्ठिराने आपल्या नावे देणं लिहून घेतलं. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघाला, हे व्याज. मुद्दल त्याने आधीच मान्य केलं होतं.

भाची पुढच्या वर्षी हॉस्टेलला जाणार. मी विचारलं, "मोतीचं काय गं?"

"म्हणून तर तुला रोज मैदानात बोलावते, मामा. मी जायच्या आत तुझं शिकून व्हायला हवं."

सध्या माझं 'थांब'पर्यंत आलं आहे.