दिसलं आणि कळलं

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळत्या ठिणग्यांची लांबलचक रांग गेली आणि लोकांचे मोबाईल वर वळले. उल्का, पेटलेलं विमान, एलियन अशा तर्कांनी व्हॉट्सअ‍ॅप भरून गेलं. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तर धातूचं मोठं कडंच येऊन पडलं. प्रशासनानं ते ताब्यात घेतलं, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. चीननं २०२१मध्ये सोडलेल्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा टप्पा परत वातावरणात शिरून जळाला होता, असा हिशेब अभ्यासकांनी मांडला.

दुसरं उदाहरण लडाखचं. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात सीमेवरच्या जवानांनी आकाशात अनोळखी दिवे पाहिल्याच्या ३२९ नोंदी केल्या. चीनचे हेरगिरी करणारे ड्रोन असावेत, असा संशय होता. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं गेलं. वेळ आणि दिशा ताऱ्यांच्या नकाशाशी पडताळून पाहिल्यावर उत्तर मिळालं: गुरू आणि शुक्र.

यावर हसू येतं. पण त्या जवानांना जे दिसलं ते खरंच तिथं होतं. ते खोटं बोलत नव्हते, अडाणीही नव्हते. चूक झाली ती 'दिसलं' पासून 'कळलं' पर्यंतच्या उडीत. आणि निदान त्यांनी नोंद केली, जाणकाराला विचारलं, उत्तर येईपर्यंत गोळी झाडली नाही. मला हा धीर नैतिक गुण वाटतो. ही नुसती हुशारी नव्हे.

मी धाराशिव जिल्ह्यातला. २०२४च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरतात, चोरटे त्यातून घरं हेरतात, अशी चर्चा होती. आमच्या गावातही पोरं काठ्या घेऊन जागत होती. त्या भीतीची टिंगल करणं मला जमत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेनं या भागाला झोपेतच गाठलं होतं. रात्रीवर भरवसा न ठेवण्याचं कारण इथल्या माणसांकडे आहे. पण त्या काठ्या वरच्या दिव्यापर्यंत पोचणार नव्हत्या. त्या पोचणार होत्या रस्त्यावरच्या परक्या माणसापर्यंत. रात्रपाळीहून परतणारा, वाट चुकलेला, पालं टाकून राहणारा.

१ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तेच झालं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फिरत होती. आठवडी बाजारात आलेल्या, बहुतेक आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षा मागणं हाच त्यांचा पोटाचा धंदा. अर्धवट माहितीतली रिकामी जागा आपण कल्पनेनं भरतो, तेव्हा त्याची किंमत बहुतेकदा दुसराच कुणीतरी मोजतो.

"पण सगळ्याच गोष्टींचं उत्तर कुठं मिळतं?" असं मित्र विचारतात. खरं आहे. अमेरिकी हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकनं १९६९पर्यंत १२,६१८ घटना तपासल्या, त्यातल्या ७०१ अनुत्तरितच राहिल्या. पण 'माहीत नाही' याचा अर्थ 'परग्रहवासी' होत नाही, तसाच 'चोर' किंवा 'शत्रू'ही होत नाही. 'माहीत नाही' एवढंच म्हणून थांबता येतं.

अर्थात, थांबा म्हणणाऱ्या यंत्रणेचीही जबाबदारी आहे. "अफवांवर विश्वास ठेवू नका" एवढा एक फॉरवर्ड पुरत नाही. काय तपासलं, कसं तपासलं, हे गावात येऊन, माणसाला मूर्ख न ठरवता सांगावं लागतं.

आमच्या ग्रुपवर आजही असे व्हिडिओ येतात. मी त्याखाली तीनच प्रश्न लिहितो: किती वाजता दिसलं, कुठल्या दिशेला, किती वेळ? उत्तर येईपर्यंत पुढे पाठवत नाही.